वाफशावर बसवलेली हिरवळ

मे २०२३ मधली गोष्ट. सकाळी साडेसहाला सासूबाई नेहमीसारख्या अनवाणी अंगणात गेल्या आणि दुसऱ्याच फेरीला त्यांच्या पायाचा अंगठा हिरवळीच्या जोडात अडकला. तुळशीवृंदावनाचा कठडा हाताशी होता म्हणून पडल्या नाहीत. मी धावत गेले तर त्या म्हणाल्या, "मला काही झालं नाही गं, पण जमीन फाटलीये बघ."

मी वाकून पाहिलं. कृत्रिम हिरवळीच्या दोन पट्ट्यांमधला जोड हातभर उसवला होता, खालची कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, आत सांडली होती आणि तिच्या खाली खरंच भेग होती. परसातल्या वेलाची बांबूची काठी मी त्या भेगेत सोडली. तीन फूट गेली तरी तळ लागला नाही.

आमचं घर नाशिकच्या मखमलाबाद शिवारात. पंचवीस वर्षांपूर्वी इथे द्राक्षाचे मळे होते, मग प्लॉट पडले आणि घरं आली. माती मात्र मळ्याचीच राहिली, काळीभोर, चिकट आणि कसदार. पावसात चपलेला किलोभर लागून येते आणि एप्रिलमध्ये दगडासारखी होऊन फाटते. घरापुढचं अंगण चोवीस फूट बाय अठरा फूट. खरं लॉन लावून पाहिलं होतं, पण उन्हाळ्यात त्याला रोज लागणारं पाणी घालायला मन धजेना. गंगापूर धरणातला साठा खाली गेला की शहरात पाणीकपातीची चर्चा सुरू होते, तेव्हा आपण गवतावर पाईप धरून उभं राहायचं हे पटत नव्हतं. दुसरीकडे सासूबाईंच्या गुडघ्यांना फरशी सोसत नाही आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेलं. म्हणून एप्रिल २०२२ मध्ये कृत्रिम हिरवळ बसवून घेतली, ४० मिलिमीटर पात्याची. रोल दोन मीटर रुंदीचा येतो, त्यामुळे चोवीस फूट लांबीच्या तीन पट्ट्या आणि मध्ये दोन जोड.

बसवणाऱ्यांनी दीड दिवसात काम उरकलं. वरची माती खरवडली, शेततळ्याला घालतात तसला काळा प्लास्टिकचा कागद अंथरला, त्यावर दोन इंच कच, त्यावर हिरवळ. दिसायला सुरेख. पहिला पावसाळा आला तेव्हा दोन ठिकाणी उंचवटे उठले, खालून कुणी पाठ वर काढावी तसे. ऑगस्टमध्ये कोपऱ्यात पाणी तुंबून कुबट वास यायला लागला. मी फोन केला तेव्हा उत्तर मिळालं, "ताई, पावसाळ्यात होतं तसं, नंतर बसेल." नंतर ते बसलं नाही, फाटलं.

जोड उसवल्यावर आधी मीही वरवरचाच उपाय केला. नवी जोडपट्टी आणली, गोंद लावला, वर विटा ठेवल्या. जूनचे पहिले दोन पाऊस झाले आणि तोच जोड आता घराच्या छपरासारखा वर आला. म्हणजे मे महिन्यात जो उघडला होता, तोच जूनमध्ये वर उचलला गेला. तेव्हा लक्षात आलं की हिरवळीला दोष देऊन उपयोग नाही, हालचाल खाली चाललीय.

माझा भाचा सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला होता. तो रविवारी आला आणि अंगणातलं एक ढेकूळ घेऊन गेला. ते वाळवून, कुटून, बारीक चाळणीने चाळून त्याने दोन काचेच्या मापाच्या नळ्यांत दहा-दहा ग्रॅम माती घातली. एकीत रॉकेल ओतलं, दुसरीत पाणी. "मावशी, उद्यापर्यंत हात लावू नकोस." दुसऱ्या दिवशी पाहिलं तर रॉकेलमधली माती ११ च्या खुणेवर शांत बसली होती आणि पाण्यातली २० वर गेली होती. माती तीच, वजन तेच. रॉकेलने ती फुगत नाही, पाण्याने फुगते. आमची माती ८० टक्क्यांहून जास्त फुगली होती. अभियंत्यांची ही साधी, जुनी चाचणी आहे, पण ती नळी हातात धरून पाहिल्यावर अंगणातला प्रत्येक उंचवटा मला समजला. काळ्या मातीतल्या चिकणमातीचे कण पापुद्र्यांसारखे असतात. पाणी त्या पापुद्र्यांमध्ये शिरतं आणि त्यांना दूर सारतं. पाणी निघून गेलं की ते पुन्हा मिटतात आणि जमीन भेगाळते.

पण सगळं अंगण एकसारखं फुगलं असतं तर इतकं बिघडलं नसतं. काळ्या कागदाने घात केला होता. हिरवळीच्या पाठीला असलेल्या भोकांतून पाणी खाली उतरायचं, कागदावर साचायचं आणि जिथे कागदाचे दोन तुकडे एकावर एक आले होते तिथूनच मातीत झिरपायचं. ते तुकडे नेमके हिरवळीच्या जोडांखाली आले होते. तेवढीच रेघ जास्त ओली, तेवढीच जास्त फुगलेली आणि उन्हाळ्यात तेवढीच फाटलेली. शिवाय बसवलं होतं एप्रिलमध्ये, जेव्हा माती सर्वांत जास्त आकसलेली असते. त्या आकसलेल्या जमिनीवर सपाटी धरली तर पावसाळ्यात ती वर येणारच.

हे मी आमच्या ओळखीच्या मिस्त्रीकाकांना सांगितलं. त्यांनी घरचं द्राक्षाचं रान केलेलं, त्यामुळे मातीशी त्यांची जुनी ओळख. ते म्हणाले, "वहिनी, पेरणी आपण वाफसा बघूनच करतो ना? हेही काम वाफशावरच धरू. माती चिखल नको आणि ढेकूळही नको." मला हा विचार इतका पटला की पावसाळा संपेपर्यंत मी हिरवळीला हात लावला नाही. दसऱ्यानंतर सुरुवात करायची ठरलं होतं, पण घरचीच कामं निघत गेली आणि नोव्हेंबरअखेरीस अवकाळी पाऊस आणि गारा आल्या. जिल्ह्यातल्या द्राक्षबागांचं तेव्हा फार नुकसान झालं. त्यापुढे आमच्या अंगणाचं काम लांबलं ही तक्रार करण्याजोगी गोष्ट नव्हती. डिसेंबरच्या मध्यावर काकांनी मूठभर माती उचलली, दाबली आणि एक मीटर उंचीवरून खाली टाकली. लाडू फुटला, पण भुगा झाला नाही. "आता धरा काम," म्हणाले.

हिरवळ काढताना घाई केली नाही. कडेचे खिळे पहारीने न उपटता पकडीने एकेक सरळ वर ओढले, कारण पाठीचं कापड फाटलं तर जोडायला जागाच राहत नाही. प्रत्येक पट्टीच्या मागे खडूने क्रमांक आणि बाणाने पात्यांची दिशा लिहिली. पाती एका बाजूला झुकलेली असतात. पट्ट्या उलटसुलट बसल्या तर एक गर्द दिसते, एक फिकी. मग गच्चीवर नेऊन दोन्ही बाजूंनी धुतल्या. त्यातून निघालेलं पाणी चहाच्या रंगाचं होतं आणि वास असा की सासूबाईंनी आतून उदबत्ती लावली.

मग खोदाई. आठ इंच माती काढली, ती जवळजवळ तीन ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) भरली. शेजारच्या बागेला हवी होती, तिकडे गेली. खाली लव्हाळ्याच्या गाठी निघाल्या, काळ्या, शेंगदाण्याएवढ्या. लव्हाळ्याचं टोक सुईसारखं असतं, ते कापडही भेदून वर येतं. आमच्या जुन्या हिरवळीतून चार ठिकाणी ते आलंच होतं. म्हणून दोन दिवस सासूबाई आणि मी पाटावर बसून फक्त गाठी वेचत होतो. हे काम यंत्राने होत नाही आणि मजुरावर सोडलं तर अर्धं होतं. हरळीच्या मुळ्याही तशाच हाताने काढल्या.

खड्ड्याच्या तळाशी घराकडून फाटकाकडे उतार दिला. आठ फुटांना एक इंच, म्हणजे अठरा फुटांत सव्वादोन इंच. काकांनी तो लेव्हल ट्यूबने, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने काढला, डोळ्याच्या अंदाजाने नाही. हा उतार मातीलाच द्यावा लागतो. वर मुरूम उतरता आणि खाली माती सपाट असं केलं तर पाणी मुरमातून खाली जाऊन मातीवर बसून राहतं. काळी माती ओली झाली की तिच्यातून पाणी पुढे जवळपास सरकतच नाही. म्हणूनच शोषखड्ड्याचा विचार सोडून दिला. आमच्याकडे मुरूम किती खोल लागेल ते माहीत नव्हतं आणि मुरमापर्यंत न पोचलेला शोषखड्डा काळ्या मातीत नुसती विहीर होतो. त्याऐवजी फाटकाच्या बाजूने चार इंची पीव्हीसी पाईप आडवा टाकला, त्याला खालच्या अंगाला भोकं पाडली, भोवती खडी भरली आणि त्याचं तोंड रस्त्याच्या पावसाळी गटारीत काढलं.

मातीवर या वेळी कागदाऐवजी जिओटेक्स्टाइल अंथरलं, ब्लँकेटसारखं पांढरं जाड कापड. ते पाणी जाऊ देतं पण चिकणमातीला वरच्या खडीत शिरू देत नाही. शेततळ्याचं सामान विकणाऱ्यांकडे ते सहज मिळालं. त्यावर चार इंच मुरूम, दोन थरांत, प्रत्येक थरावर पाणी शिंपडून प्लेट कॉम्पॅक्टर फिरवला. कोपऱ्यांत यंत्र जात नव्हतं तिथे हाताने ठोकायची धुमस वापरली. मुरूम दोन ब्रास लागला. मुरमावर तीन इंच बारीक-मोठी मिसळलेली खडी आणि सर्वांत वर एक इंच कच.

मुरमाबद्दल भाच्याने एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. काळ्या मातीतून जाणाऱ्या कालव्यांचं अस्तर वारंवार फुटायचं. मुंबई आयआयटीतले प्रा. आर. के. कट्टी यांनी त्यावर अभ्यास करून दाखवलं की काळ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकटून राहणाऱ्या मातीचा, म्हणजे चांगल्या मुरमाचा, जाड थर दिला की खालच्या मातीचा फुगवटा दबतो. कालव्यांसाठी तो थर आमच्या चार इंचांपेक्षा कितीतरी जाड असतो, त्यामुळे आमची जमीन हलणार हे धरूनच चालायचं होतं. चार इंचांनी एवढंच साधतं की हालचाल एका रेघेवर न येता पसरते.

हालचालीला जागा ठेवायची हे मिस्त्रीकाकांचं डोकं. कंपाउंडच्या भिंतीलगत माती सर्वांत जास्त सरकते. उन्हाळ्यात भिंत आणि जमीन यांत बोटभर फट पडते. तिथे पूर्वी हिरवळ भिंतीला चिकटवलेली होती, म्हणून ती ताणली जायची. आता भिंतीपासून नऊ इंचांची मोकळी पट्टी ठेवून तिच्यात नदीतले गोटे भरले. हिरवळीची कड शहाबादी फरशीच्या उभ्या तुकड्यांनी धरली, पण सिमेंटने पक्की केली नाही. सिमेंटचा लांब पट्टा काळ्या मातीवर एका उन्हाळ्यात तडकतो. सुटे तुकडे थोडे हलतात आणि वर्षातून एकदा ठोकून सरळ करता येतात.

आता जोड. याच्याबद्दल मी सविस्तर लिहितेय, कारण जोड बिघडला तर बाकीचं सगळं वाया. जुन्या पट्ट्यांच्या कडा गोंदाने कडक झाल्या होत्या. प्रत्येक कडेचे तीन टाके, म्हणजे पाठीच्या कापडात पाती ओवलेल्या तीन ओळी, कापून टाकले. पट्टी उलटी करून टाक्यांच्या दोन ओळींमधून कटर चालवायचा, समोरून कापलं तर पाती कापली जातात. ब्लेड मी दर पाच-सहा फुटांनी बदलत होते. दोन पट्ट्या शेजारी ठेवल्यावर मधलं अंतर पट्टीतल्या दोन टाक्यांच्या अंतराएवढंच हवं. जास्त असलं तर भांगासारखी रेघ दिसते, कमी असलं तर पाती एकमेकांत घुसून कणा उठतो.

आणि वेळ. डिसेंबरात निफाडचा पारा कुठे उतरतो ते वर्तमानपत्रात येतं, आमच्याकडेही सकाळी बोटं गारठतात. त्या थंडीत हिरवळ आखडलेली असते. तेव्हाच चिकटवली तर मे महिन्यात फुगून सुरकुत्या येणार. भर दुपारी तापलेली चिकटवली तर थंडीत आखडून जोड उघडणार. म्हणून पट्ट्या आदल्या दिवशी उलगडून ठेवल्या आणि जोड सकाळी अकरा ते एकच्या दरम्यान केले, जेव्हा ऊन मध्यम होतं. जोडपट्टीवर गोंद दातेरी पत्र्याने पसरला, कडा दोन्हीकडून पुस्तक मिटावं तशा हळूच खाली सोडल्या, जोडात अडकलेली पाती टाचणीने एकेक मोकळी केली आणि जोडावर वाळूच्या पिशव्या रात्रभर ठेवल्या. कडेने दर आठ इंचांवर जस्ताचे सहा इंची खिळे ठोकले. ठोकताना पाती बाजूला सारून, म्हणजे डोकं खाली दडून राहतं.

एक ठिगळही द्यावं लागलं. खिडकीसमोर हातभर जागेत पाती वितळून आखडली होती, जळलेल्या केसांसारखी, टोकाला गाठी झालेल्या. मला आधी वाटलं दिवाळीतल्या फुलबाज्यांनी झालं असेल. पण डाग लांबट होता आणि दर आठवड्याला थोडा सरकत होता. समोरच्या घराच्या नव्या काचेवरून येणारं ऊन तिथे एकवटत होतं. शेजाऱ्यांना दाखवलं, त्यांनी बिचाऱ्यांनी लगेच बाहेरून जाळी लावून दिली. जळलेला चौकोन टाक्यांच्या ओळीवरूनच कापला, जुन्या कडेच्या वाचलेल्या तुकड्यातून तेवढाच कापून त्याच दिशेने बसवला. आज तो मलाही शोधावा लागतो.

शेवटी सिलिका वाळू. कोरड्या दिवशी थोडी थोडी पसरून कडक नायलॉनच्या झाडूने पात्यांच्या उलट दिशेने झाडायचं, म्हणजे वाळू मुळाशी जाते आणि पाती उभी राहतात. वाळूच्या वजनाने हिरवळ जागेवर बसते. ही वाळू पूर्वी घातलीच नव्हती.

उष्णतेचा प्रश्न मात्र पायाभरणीने सुटत नाही, हे स्पष्ट सांगते. मे २०२४ मध्ये एका दुपारी भाच्याने उष्णता मोजायचं यंत्र आणलं. हवा ४० अंश होती, पायवाटेची फरशी ५२ आणि हिरवळ ६४. प्लास्टिकचं गवत खऱ्या गवतासारखं पाणी बाष्पाने सोडत नाही, त्यामुळे तापतच राहतं. पाणी मारलं तेव्हा ती ४० च्या खाली आली आणि अर्ध्या तासाच्या आत परत पूर्वीसारखी झाली. म्हणजे दुपारी पाणी मारणं वायाच. आम्ही द्राक्षमांडवाचे जुने लोखंडी अँगल उभे करून, तार ओढून, त्यावर ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधली. तिच्या खाली त्याच वेळी ४६ अंश आले. लहान मूल दुपारी तिथे सोडू नये असंच मी म्हणेन, शेडनेट असली तरी. मांडवाच्या पायथ्याशी मधुमालती लावली आहे. ती वर चढली की नेट काढून टाकायचा विचार आहे.

रोजची देखभाल फारशी नाही. आठवड्यातून एकदा झाडू, कारण शेजारच्या कडुनिंबाची पानं कुजली की त्यांची माती होऊन भोकं बुजतात. पंधरा दिवसांतून एकदा उलट झाडणं, चालण्याच्या वाटेवर जरा जास्त. मांजर येऊन घाण करतं तिथे पाणी आणि थोडं व्हिनेगर. ॲसिड किंवा ब्लीच अजिबात नाही, पाठीचं कापड खराब होतं. मार्चमध्ये धुळीचे वारे सुरू झाले की एकदा पूर्ण धुणं. गोट्यांच्या पट्टीत गाजरगवत उगवतं, ते फुलायच्या आत उपटते.

२०२४ च्या त्या मेमध्ये भिंतीलगतची फट परत पडली, दोन बोटं जाईल एवढी. मी रोज सकाळी जाऊन पाहत होते. गोटे थोडे खाली सरकले, फरशीचे दोन तुकडे कलले आणि जोड मिटलेलेच राहिले. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस रात्री आला. आम्ही दोघी छत्री घेऊन फाटकाशी गेलो. बॅटरीच्या उजेडात पाईपच्या तोंडातून पाणी धारेने पडत होतं आणि ते स्वच्छ होतं, मातीचा रंग नव्हता त्याला. सासूबाई बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या.

२०२५ मध्ये मे महिन्यातच पाऊस लागला, त्यामुळे माती नीट तापायच्या आतच भिजली आणि भेगा फारशा पडल्याच नाहीत. मात्र तुळशीजवळचा कोपरा अर्धा इंच खचलाय. तिथे रोज पाणी घातलं जातं, बाकी अंगणाला नाही. काका म्हणाले, तुळशीच्या कुंडीखाली ताट ठेवा आणि दिवाळीनंतर वाफसा आला की तेवढे खिळे काढून कच भरू. कचेची दोन पोती फाटकामागे आणून ठेवली आहेत.